रक्ताच्या आडवाटा

दोस्तांनो, हे पान वाचता वाचता एक गंमत करा. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख उजव्या हाताच्या चिमटीत धरा आणि पाच सेकंद घट्ट दाबा. आता सोडा. नख पांढरंफटक पडलं होतं ना? आणि सोडल्याबरोबर, ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत परत गुलाबी झालं! (ताई, नेलपॉलिशवर हा प्रयोग चालायचा नाही बरं का!)

डॉक्टरही हीच युक्ती वापरतात. नखाखाली केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. दाबल्यावर त्यांतलं रक्त बाजूला सरतं, सोडल्यावर परत येतं. या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात, की रक्तातल्या लाल पेशीला काही ठिकाणी अंग दुमडून, एकेकटीने पुढे सरकावं लागतं. अगदी गर्दीच्या वेळी लोकलच्या दारातून आत शिरावं तसं.

पण काही माणसांच्या पायाची बोटं अशी दाबली, तर गुलाबी रंग लवकर परत येतच नाही. कारण वरून रक्त आणणारा रस्ताच बुजलेला असतो. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. सुरुवातीला थोडं चाललं की पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं. मग पुढे पुढे बसल्या जागीही दुखायला लागतं. रात्री झोप लागत नाही. पाय पलंगाखाली लोंबता ठेवला, तरच जरा आराम पडतो, कारण उतारावरून का होईना, थोडं रक्त खाली पोचतं. बोटाला साधं खरचटलं तरी जखम भरत नाही. बोट काळं पडतं. आणि एक दिवस सर्जन सांगतात, “पाय काढावा लागेल.”

हा पाय वाचवता येईल का? मूलपेशींनी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्यांनी, तो वाचतो का? गेली पंचवीसेक वर्षं जगभरचे डॉक्टर याच प्रश्नाच्या मागे लागले आहेत. त्याचीच ही हकीकत.

गाडीवानाचा पाय

आधी थोडं मागे जाऊ. सन १७८५. लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे नामांकित सर्जन होते. त्यांच्याकडे पंचेचाळीस वर्षांचा एक घोडागाडी हाकणारा आला. त्याच्या गुडघ्यामागची रोहिणी (म्हणजेच धमनी) फुग्यासारखी फुगली होती. फुटली असती, तर खेळ खलास! अशा वेळी त्या काळात बहुधा पायच कापून टाकत. हंटरसाहेबांनी निराळंच केलं. त्यांनी मांडीतली मुख्य रोहिणीच दोऱ्याने बांधून टाकली.

आता तुम्ही म्हणाल, मुख्य नळच बंद केला तर खाली पाणी येणार कुठून? पण गाडीवानाचा पाय जगला! काही आठवड्यांनी तो आपल्या पायांनी चालत घरी गेला, पुन्हा गाडी हाकू लागला. पुढे सव्वा वर्षाने तो तापाने वारला, तेव्हा हंटरनी तो पाय मिळवून नीट तपासला. मुख्य रस्ता बंद होता, पण आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांनी रक्त खाली नेलं होतं. हमरस्त्यावर दरड कोसळली की एसटीचे ड्रायव्हर गावातल्या कच्च्या रस्त्याने गाडी काढतात ना, तसंच. आणि गाड्या रोज तिथूनच जायला लागल्या, की तो कच्चा रस्ताही रुंद होत जातो.

ही कल्पना हंटरना एका हरणावरून सुचली, अशी गोष्ट सांगतात. रिचमंड पार्कमधल्या हरणाच्या शिंगाकडे जाणारी रोहिणी त्यांनी बांधली, शिंग थंडगार पडलं, आणि काही दिवसांनी पाहतात तो शिंग पुन्हा गरम! गोष्ट खरी की नंतर रचलेली, याबद्दल जाणकारांत दुमत आहे. गाडीवान मात्र खरा.

तर शरीराला आडवाटा काढता येतात. उपाशी पेशी त्यासाठी चक्क हाका मारतात. प्राणवायू कमी पडला, की पेशीतलं एक प्रथिन जागं होतं आणि त्याच्या हुकमाने पेशी असे काही रेणू बाहेर सोडते, की ते पोचल्यावर जवळच्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटू लागतात. पेशींना प्राणवायूची कमतरता कळते कशी, हे कोडं सोडवल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

मग अडतं कुठे? काहींच्या बाबतीत आडवाटा पुरेशा फुटत नाहीत. मधुमेह असला, रोहिणीत चरबीचे थर साचले, वय झालं, की हे काम मंदावतं. आणि एक आजार असा आहे, की तो तरण्याताठ्या माणसांच्या हातापायांतल्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्याच सुजवून, गुठळ्यांनी बंद करत सुटतो. त्याचं नाव बर्जरचा आजार. लिओ बर्जर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात कापून काढलेले अकरा हातपाय तपासून त्याचं सविस्तर वर्णन केलं. हा आजार मुख्यतः पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांना होतो. आणि जवळजवळ प्रत्येकात एक गोष्ट सारखी असते: तंबाखू. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत तो आढळतो. म्हणजे घरातला कमावता माणूस, लहान मुलांचा बाप, आणि पाय जायची पाळी!

हृदयात करतात तशी बायपास शस्त्रक्रिया इथे का करत नाहीत, असं कुणी विचारेल. बायपासची नळी जोडायला पलीकडे एक धडधाकट रक्तवाहिनी तर हवी! बर्जरच्या आजारात टोकापर्यंतच्या वाहिन्या बंद झालेल्या असतात. जोडणार कुठे?

उंदराच्या प्लीहेवरचे फोड

आता मूलपेशींकडे वळू. तुमच्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तिथला कारखाना रोज सुमारे वीस हजार कोटी लाल पेशी बनवतो. हो, रोज! हे सगळं उत्पादन मोजक्या मूळ पेशींपासून सुरू होतं. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी बनवतात आणि गरजेप्रमाणे लाल, पांढऱ्या अशा निरनिराळ्या पेशींनाही जन्म देतात.

अशा पेशी असतात याचा भक्कम पुरावा १९६१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत मिळाला. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ, अर्नेस्ट मॅकलॉक हे डॉक्टर. दोघांची जोडी जमली होती. त्यांनी किरणांचा मारा करून उंदरांची मज्जा निकामी केली आणि दुसऱ्या उंदरांची मज्जा त्यांना टोचली. दहाएक दिवसांनी पाहतात तो उंदरांच्या प्लीहेवर बारीक बारीक फोड! मोजले, तर जितक्या जास्त पेशी टोचल्या तितके जास्त फोड. साधारण दहा हजार पेशींमागे एक. म्हणजे त्या दहा हजारांतली एखादीच पेशी अशी, की तिच्यातून सगळा गोतावळा उभा राहतो. तीच मूलपेशी. फोड मोजणं हे काही फार रुबाबदार काम नव्हे, पण शोध तिथेच लागला.

पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये ताकायुकी असाहारा, जेफ्री इस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात खळबळजनक बातमी दिली. मोठ्या माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या काही पेशी रक्तवाहिनीचं अस्तर बनवू शकतात, असं त्यांना दिसलं होतं. तोवर समज असा, की नवी रक्तवाहिनी जुन्या वाहिनीच्या फांदीतूनच फुटते. आता वाटू लागलं, की विटा तर रक्तातूनच वाहत येताहेत! मग मज्जेतल्या विटा काढून थेट पोटरीत नेऊन टाकल्या तर?

हे जपानी डॉक्टरांनी करून पाहिलं. रुग्णाला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुमारे अर्धा लिटर मज्जा काढायची, तिच्यातला मूलपेशी असलेला भाग वेगळा करायचा, आणि त्याच दिवशी पोटरीच्या स्नायूत चाळीसेक ठिकाणी टोचायचा. रुग्णाच्याच पेशी, त्यामुळे शरीर त्यांना परकं मानण्याची भीती नाही.

त्यांच्या प्रयोगातली एक हुशारी मला फार आवडते. बावीस रुग्ण असे निवडले, की ज्यांचे दोन्ही पाय दुखावले होते. एका पायात मज्जेतल्या पेशी टोचल्या, दुसऱ्या पायात साध्या रक्तातल्या पेशी. कुठला पाय कुठला, हे नशिबावर सोडलं. माणूस तोच, वय तेच, जेवणखाण तेच, फरक फक्त पायांत! २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. मज्जेच्या पेशींच्या पायात घोट्याजवळचा रक्तदाब वाढला होता, वेदना कमी झाल्या होत्या, आणि रुग्ण न दुखता जास्त वेळ चालू शकत होते. जगभर आशेची लाट पसरली. देशोदेशी असे प्रयोग सुरू झाले. बरेचसे लहान, आणि बरेचसे ‘गुण आला’ असं सांगणारे.

लटकं औषध

इथे जरा थांबू या. तुम्हाला आठवतं का, लहानपणी गुडघा फुटला की आई फुंकर घालायची आणि दुखणं निम्मं पळायचं? फुंकरीत औषध नव्हतं. मोठ्यांचंही तसंच होतं. मोठं इस्पितळ, मोठी सुई, ‘मूलपेशी’ हा भारदस्त शब्द, एवढ्यानेही दुखणं कमी वाटू शकतं. शिवाय अशा चाचणीत नर्सबाई रोज जखम धुतात, डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासतात, गोळ्या वेळेवर मिळतात. त्यानेही जखमा भरतात. मग श्रेय कुणाचं? पेशींचं की नर्सबाईंचं?

हे ठरवायला नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डॉक्टरांनी मोठी चाचणी केली. ‘युव्हेंटास’ हे तिचं नाव. रुग्ण १६०. सगळ्यांना पाय गमावण्याची भीती आणि बायपासचा मार्ग बंद. मज्जा सगळ्यांचीच काढली. पण नंतर निम्म्यांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी पायाच्या रोहिणीतून दिल्या आणि निम्म्यांना दिसायला तसंच असणारं, पण मूलपेशी नसलेलं द्रव. त्याला म्हणतात प्लॅसिबो, लटकं औषध. तीन आठवड्यांच्या अंतराने, तीन वेळा. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

जरा विचार करा, हाडातून मज्जा काढून घेतली, दुखणं सोसलं, आणि मिळालं लटकं औषध! हे होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं असूनही ती माणसं तयार झाली.

२०१५ मध्ये कुलूप उघडलं. सहा महिन्यांत मोठी शस्त्रक्रिया करून पाय काढावा लागला, असं पेशी मिळालेल्यांत शंभरात १९ जणांचं झालं. आणि लटकं औषध मिळालेल्यांत? शंभरात १३.

म्हणजे पेशींनी नुकसान केलं? तसंही म्हणता येत नाही. तुम्ही आणि तुमच्या मित्राने ऐंशी-ऐंशी वेळा नाणं उडवलं, तुम्हाला ४३ छापे पडले आणि त्याला ३७, म्हणून तुम्ही उस्ताद ठरत नाही. हा फरक तसाच, नशिबाच्या खेळात बसणारा होता. पण पेशींमुळे पाय वाचले, असं मात्र अजिबात दिसलं नाही. गंमत अशी, की वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या होत्या! लटकं औषध ठेवलं नसतं, तर ‘पेशींनी वेदना थांबवल्या’ असा मथळा छापून आला असता.

मग जपानी पाय खोटे होते का? नाही. रुग्ण थोडे होते, पेशी स्नायूत टोचल्या होत्या, इथे रोहिणीतून सोडल्या. शिवाय म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या मज्जेतल्या पेशीही थकलेल्या असू शकतात. यातलं नेमकं कारण कोणतं, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

दरम्यान विटांची कल्पनाही बदलली. टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरून जातात, असं दिसून आलं. म्हणजे त्या स्वतः भिंतीत बसत नाहीत. त्यांचं काम बांधकामावरच्या मुकादमासारखं असावं, असं आता बहुतेकांचं मत आहे: येतात, हाका मारतात, तिथल्याच कारागिरांना कामाला लावतात आणि जातात.

बंगळुरूचा प्रयोग

आपल्या देशातही यावर काम झालं. बंगळुरूच्या स्टेम्प्यूटिक्स या कंपनीने वेगळी वाट धरली. रुग्णाची नव्हे, तर निरोगी दात्यांची मज्जा घ्यायची, तिच्यातल्या एका प्रकारच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, अनेक दात्यांच्या पेशी एकत्र करायच्या आणि गोठवून ठेवायच्या. लागतील तेव्हा औषधासारख्या बाहेर काढायच्या. बर्जरच्या आजारात त्या पोटरीच्या स्नायूत टोचतात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे वीस लाख पेशी. साठ किलोच्या माणसाला किती होतात? करा गणित. बारा कोटी!

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत बर्जरचे नव्वद रुग्ण होते. हा डोस मिळालेल्यांच्या वेदना आणि जखमा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झाल्या. भारताच्या औषध नियंत्रकांनी आधी २०१६ मध्ये मर्यादित आणि पुढे २०२० मध्ये विक्रीची परवानगी दिली. भारतीय शास्त्रज्ञांनी इथवर मजल मारली, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण हेही ध्यानात घ्या: त्या चाचणीत कुणाला पेशी मिळाल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. उट्रेख्टची गोष्ट वाचल्यावर तुम्हीच सांगा, मोठी, डोळ्यांवर पट्टी बांधलेली चाचणी अजून हवी की नको? माझं उत्तर ‘हवी’ असं आहे.

आणि आता या सगळ्या प्रकरणातला सर्वांत ठळक आकडा. त्यात मूलपेशी नाहीत, सुया नाहीत. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी बर्जरच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून १९९० मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांनी धूम्रपान सोडलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या ९४ जणांवर हात, पाय किंवा बोट कापून घ्यायची वेळ आली नाही. ज्यांनी चालू ठेवलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या ४३ जणांवर आली. ‘कमी केली’ म्हणून भागत नाही. रोज एक-दोन सिगारेटींनीही आजार धुमसत राहतो. तोंडात धरायचा तंबाखूही त्याला पुरतो. म्हणून शहाणा डॉक्टर पेशींचं नाव काढण्याआधी रुग्णाचा खिसा तपासतो!

आईबाबांसाठी एक गोष्ट. ‘मूलपेशींनी मधुमेह, गुडघे, पक्षाघात, सगळं बरं’ अशा जाहिराती दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली याबाबत स्पष्ट आहे. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मज्जेचं किंवा रक्तातल्या मूलपेशींचं रोपण हा रूढ उपचार आहे. बाकी मूलपेशी-उपचार, ज्यांना औषध नियंत्रकांची परवानगी नाही ते, फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच द्यायचे. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा कुणी लाखभर रुपये सांगितले, तर दोनच प्रश्न विचारा: “याला परवानगी आहे का? आणि ही चाचणी असेल, तर नोंदणी क्रमांक काय?” भारतातल्या चाचण्यांची नोंदवही सरकारी आहे, इंटरनेटवर आहे आणि कुणालाही फुकट पाहता येते. त्यात आजाराचं नाव, रुग्णालयाचं नाव, किती रुग्ण घेणार आणि लटकं औषध ठेवलंय की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. आईबाबांना इंग्रजीचा कंटाळा असेल, तर शोधून देण्याचं काम तुमचं!